मालक कोण, याचा पुरावा

"तुमचा धंदा तुम्हीच चालवता, हे सिद्ध करा," असं वाशीमच्या एखाद्या दुकानदाराला म्हणून बघा. तो आधी तुमच्या तोंडाकडे बघेल आणि मग पाण्याचा ग्लास पुढे करेल. बिचारा उन्हातून आला, डोकं फिरलं असेल, असं त्याला वाटेल. सकाळी शटर कोण उघडतं? तो. गिऱ्हाइकाशी भांडतं कोण? तो. त्याला ताप आला की दुकान बंद. मग त्यात सिद्ध काय करायचं? हातच्या काकणाला आरसा कशाला? पण परदेशी सरकारांना काकण दिसत नाही, त्यांना आरसाच लागतो. माझ्या कामाची शेवटची बरीच वर्षं तो आरसा तयार करण्यात गेली.

मी मूळची कर सल्लागार. लोकांची विवरणपत्रं भरायची, नोटिशींना उत्तरं द्यायची, हे माझं काम. सुरुवातीला लोक दारातून डोकावून "साहेब नाहीत का?" असं विचारायचे. साहेब मीच, हे पटवण्यातच पहिला काळ गेला. पुढे मॅडम झाले, मग ताई झाले, आणि ताई झाल्यावर लोक घरच्या भाकरीसकट कागद आणून टाकू लागले. व्हिसाचं काम माझ्याकडे आडवाटेनंच आलं. नागपूरच्या एका एजन्सीकडे आपल्या भागातले काही व्यापारी जायला लागले होते. परदेशात धंदा घालायचा आणि तो स्वतः चालवायचा, असा एक व्हिसा असतो. एजन्सीचे लोक इंग्रजी झकास लिहायचे, पण शेलूबाजारची डाळ मिल कशी चालते हे त्यांना कुठलं ठाऊक? तेवढा भाग ते माझ्याकडे पाठवायचे. कोणता देश, ते मी इथे लिहीत नाही. अशिलाचं नाव, गाव सांगू नये ही माझी शिस्त आहे, आणि खाली आलेली नावंही मी बदललेली आहेत.

बाहेरच्या माणसासाठी थोडं समजावून सांगते. पैसा आहे, हे दाखवणं सोपं. धंदा आहे, हेही सोपं. घोडं अडतं ते पुढच्या अटीवर. अर्जदार इथल्या आपल्या धंद्याचं रोजचं व्यवस्थापन स्वतः करतो की नाही? इथे चालवत असेल, तरच तो तिकडे चालवेल, असा त्यांचा हिशेब. कागदावर मालक खूप असतात. कुणी आयकरासाठी बायकोला भागीदार करतं, कुणी भाच्याच्या धंद्यात पैसे घालून गावी शेती करतं. अशा उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना त्यांना घ्यायचं नसतं. त्यांना हवा असतो माल कुठून घ्यायचा ते ठरवणारा, भाव फोडणारा, माणूस ठेवणारा आणि काढणारा, बँकेच्या मॅनेजरशी तावातावानं बोलणारा माणूस. आता आपल्याकडे हे सगळं होतं, पण बोलून होतं, मान हलवून होतं, चहा पिता पिता होतं. त्याचा कागद करायचा म्हणजे माझ्या नाकी नऊ यायचे.

गमतीही झाल्या. वाशीमजवळ भाजीपाल्याची रोपवाटिका चालवणारा एक गृहस्थ होता. त्याला म्हटलं, काम करतानाचे फोटो पाठव. त्यानं नवा सफारी शिवला, टेबल मांडलं, भाच्याचा कॉम्प्युटर आणून ठेवला आणि त्याच्यासमोर हात जोडून उभा राहिला. तिकडच्या साहेबानं एकच प्रश्न विचारला, "कॉम्प्युटरची वायर खाली लोंबते आहे, ती कशालाच का जोडलेली नाही?" पुढे मुलाखतीत याच गृहस्थाला मिरचीच्या रोपाचा भाव विचारला, तर त्यानं बायकोकडे पाहिलं. बायकोनं पटकन भाव सांगितला, कोणत्या जातीचा, केवढ्या ट्रेचा, सगळं सांगितलं. साहेब म्हणाला, मग अर्ज यांनी करायला हवा होता. मी घरी येऊन खूप हसले. ती बाई मात्र हसली नव्हती, हे मला नंतर आठवलं.

दुसरा एक मानोऱ्याकडचा, कृषी केंद्रवाला. दूतावासातून न कळवता फोन येतात, म्हणून मी सगळ्यांना बजावलेलं असायचं, की दुकानात फोन उचलायला जाणता माणूस ठेवा. याच्याकडे नेमका पोहरादेवीच्या जत्रेच्या दिवशी फोन आला. मालक जत्रेला, नोकर जत्रेला, शटर खाली. फोन वाजवून वाजवून त्यांनी लिहिलं, की हा धंदा चालू असल्याचं दिसत नाही. आता त्यांना जत्रा कशी समजावून सांगायची? मी तीन पानांचं पत्र लिहिलं, त्यात देवीपासून बंजारा समाजाच्या सेवालाल महाराजांपर्यंत सगळं आलं. ते पत्र वाचून व्हिसा मिळाला, याचा मला आजही अभिमान आहे.

पण या कामाची मला आठवण आली, की आठवतो तो प्रल्हाद.

शेलूबाजारला हायवेपासून थोडी आत त्यांची तुरीची डाळ मिल. दोघं भाऊ. थोरल्याला सगळं गाव 'भाऊ' म्हणायचं, म्हणून मीही भाऊच म्हणते. बाप लवकर गेला तेव्हा प्रल्हाद शाळेत होता. भाऊंनी स्वतः शाळा सोडून मिल सांभाळली, प्रल्हादला अकोल्याला ठेवून बी.कॉम. केलं, शोभाशी त्याचं लग्न लावून दिलं. मी भाऊंची विवरणपत्रं भरायचे तेव्हापासून त्या घराला ओळखते. भाऊ बोलायला कडक होते. हमालाला शिवी दिली, तर संध्याकाळी त्याच्या पोरासाठी जिलेबी पाठवायचे. त्यांना आणि वहिनींना मूलबाळ नव्हतं. प्रल्हादची मुलगी वृषाली, तीच त्यांचीही मुलगी.

मग भाऊंना लकवा झाला. उजवं अंग गेलं, जीभ जड झाली. हो, नाही, पाणी, एवढंच कळायचं, तेही घरच्यांना. मिल प्रल्हादच्या अंगावर आली आणि त्यानं ती उत्तम चालवली. नवी यंत्रं आणली, मुंबईची गिऱ्हाइकं जोडली. पण रोज सकाळी एक ऑटो भाऊंना घेऊन मिलवर यायची. दोन हमाल त्यांना धरून गादीवर बसवायचे, पाठीला लोड लावायचे. आणि मग प्रल्हाद येऊन विचारायचा, "भाऊ, मिल चालू करू काय?" भाऊ मान हलवायचे. मिल सुरू व्हायची. तुरीचा सौदा आला, "भाऊ, घेऊ काय?" मान. नवा माणूस ठेवायचा, "भाऊ, ठेवू काय?" मान. भाऊंनी कधी नाही म्हटल्याचं कुणी पाहिलं नाही. बाहेरून बघणाऱ्याला ते नाटक वाटेल. प्रल्हादच्या मनात ते नाटक नव्हतं. थोरला समोर असताना न विचारता काही करणं त्याला जमतच नव्हतं, आणि आपल्या भागातल्या पुष्कळ घरांत आजही ते जमत नाही.

वृषाली लग्न होऊन परदेशी गेली होती. नवराबायकोनं तिथे डाळी-मसाल्यांचं छोटं दुकान काढलं होतं. जावई गाडीच्या अपघातात गेला. पदरी लहान मुलगी, तिच्या हृदयाला जन्मापासून दोष, उपचार तिथल्याच डॉक्टरांकडे चालू. परत यावं तर उपचार तुटतात, राहावं तर दुकान, दवाखाना आणि लेकरू एकटीनं ओढायचं. पाहुणा म्हणून गेलेल्या बापाला थोडे महिने राहता येतं, पण दुकानाला हात लावता येत नाही. एजन्सीनं सांगितलं, की मालक-व्यावसायिकाच्या व्हिसावर जा, त्या दुकानात पैसे घाला आणि चालवा. अट वयाची, पंचावन्नच्या आत. प्रल्हादनं पन्नाशी कधीच ओलांडली होती.

तो माझ्याकडे आला तेव्हा बसलाच नाही. उभ्यानंच म्हणाला, "ताई, पोरगी फोनवर रडत नाई. तेच मले सहन होत नाई. रडली असती तं बरं होतं."

फाइल मी मन लावून केली. मुंबईच्या व्यापाऱ्यांची पत्रं, बँकेचं पत्र, हमालांचे जबाब, सगळं होतं. सगळं खरं होतं. मग एक दिवस दूतावासानं पाठवलेला पडताळणीचा माणूस न सांगता मिलवर आला. फाटकावर त्यानं हमालाला विचारलं, "मालक कोण?" हमाल म्हणाला, "गादीवर बसले ना थे." तेवढ्यात तुरीची गाडी आली, आणि त्या माणसाच्या डोळ्यांदेखत प्रल्हाद गादीपाशी वाकून म्हणाला, "भाऊ, गाडी खाली करू काय?" अर्ज नामंजूर झाला. कारण लिहिलं होतं, की निर्णय थोरला भाऊ घेतो, अर्जदार त्याच्या हाताखाली काम करतो.

मी चिडले. त्याला बोलावून घेतलं आणि तोंडावर म्हटलं, "प्रल्हाद, अरे, सारं तू करतं. तुले येवढंही सांगता येत नाई काय, का मालक मी हाये म्हनून?"

"भाऊसमोर?"

"हो, भाऊसमोर. नाई तं भाऊले घरी ठेव."

तो उठून खिडकीशी गेला. मग म्हणाला, "ताई, बाप गेल्यावर मले भाकर त्यानं चारली. आता त्याले सांगू, का घरी बस म्हनून? मले जन्मात जमनार नाई."

"आन् वृषाली?"

पुन्हा अर्ज करायचा, एवढं तो म्हणाला आणि गेला.

दुसऱ्या अर्जाच्या वेळी मुलाखत मोबाइलवरून, चित्रासह, आणि थेट मिलमधूनच होणार होती. अर्जदारानं फोन हातात घेऊन सगळी मिल दाखवायची आणि प्रश्नांना उत्तरं द्यायची. पलीकडे साहेब आणि हिंदी बोलणारी एक दुभाषी बाई. प्रल्हादचा पंचावन्नावा वाढदिवस तोंडावर आला होता, हा अर्ज गेला तर पुढचा नव्हता. मी आदल्या दिवशी फोन करून बजावलं, की उद्या भाऊंना आणू नको. ऑटोवाल्यालाही सांगून ठेव. "हो ताई, सांगतो," म्हणाला.

सकाळी मी मिलवर पोचले तर भाऊ गादीवर बसलेले. पांढरं धोतर, डोक्यावर टोपी, लोडाला टेकून. मी प्रल्हादकडे पाहिलं. तो खाली बघत म्हणाला, "सकायी उठून तयार होऊन बसले होते. काय सांगू त्याईले?" ऑटोवाल्यालाही त्यानं सांगितलं नव्हतं. त्याला सांगता आलंच नव्हतं. मी डोक्याला हात लावला, पण आता वेळ नव्हती. फोन वाजला.

सुरुवात चांगली झाली. प्रल्हादनं यंत्रं दाखवली, तूर कशी भिजते, कशी वाळते, टरफल कसं निघतं ते सांगितलं. त्यावेळी त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. भाव कोण ठरवतं, मजूर कोण ठेवतं, सगळ्याला तो न अडखळता "मैं" म्हणाला. मी एका पोत्यावर बसून ऐकत होते आणि मनात म्हणत होते, झालं, निभावलं. मग फोन फिरवताना गादी दिसली असावी. बाईनं विचारलं, "पीछे जो बुजुर्ग बैठे हैं, वो कौन हैं?"

"मेरे बड़े भाई."

"धंधे में वो क्या काम करते हैं?"

मिलचा पट्टा आम्ही मुद्दाम बंद ठेवला होता, त्यामुळे सगळं शांत होतं. हमाल उभे होते. भाऊंना हिंदी चांगलं कळायचं, सगळी हयात हैदराबादच्या व्यापाऱ्यांशी सौदे करण्यात गेलेली. प्रल्हादनं गादीकडे पाहिलं. बाईनं प्रश्न पुन्हा विचारला.

"कुछ नहीं," प्रल्हाद म्हणाला. "सिर्फ बैठते हैं."

"उनसे पूछना पड़ता है?"

"नहीं."

"आखरी फैसला किसका?"

"मेरा."

आणि भाऊंनी मान हलवली. रोज हलवायचे तशीच, हळू, एकदा खाली आणि वर. प्रल्हादनं ते पाहिलं. मीही पाहिलं. पुढे दुभाषी बाईनं काय विचारलं आणि त्यानं काय सांगितलं, ते मला आठवत नाही.

माझ्या सगळ्या कामात याच्याइतका निर्दोष पुरावा मी दिलेला नाही. एक शब्द खोटा नव्हता. मी सल्ला दिला तो बरोबर होता, आणि उद्या कुणी आलं तर मी तोच देईन. तरी त्या दिवशी मिलमधून बाहेर पडताना मला भाऊंच्या पाया पडायचं धाडस झालं नाही. नेहमी पडायचे. मी लांबूनच हात जोडले आणि गाडीत बसले, आणि मंगरूळपीर येईपर्यंत रडत होते.

दुसऱ्या दिवशी ऑटो आली तेव्हा भाऊ उठले नाहीत. वहिनींनी टोपी पुढे केली, त्यांनी ती डाव्या हातानं बाजूला सारली. तिसऱ्या दिवशीही तेच. प्रल्हाद जाऊन पायाशी बसला, म्हणाला, "भाऊ, चला ना. मिल चालू कराची हाये." भाऊ भिंतीकडे बघत राहिले. राग नव्हता, असं वहिनी सांगायच्या. जेवायचे, औषध घ्यायचे, वृषालीचा फोन आला तर डोळे पुसायचे. फक्त मिलवर जायचं नाही, एवढंच. प्रल्हाद सकाळी घरून निघताना पलंगापाशी थांबून विचारायचा, "भाऊ, मिल चालू करू काय?" मान हलायची नाही. थोडा वेळ थांबून तो निघून जायचा. मिलवर तो गादीवर बसला नाही. प्लॅस्टिकची खुर्ची टाकून दाराशी बसायचा. गिऱ्हाइकं विचारायची, "काहून भाऊ येत नाईत आता?" तो सांगायचा, तब्येत बरी नाही.

व्हिसा आला. मी पेढे घेऊन गेले नाही. एरवी प्रत्येक फाइल पास झाली की मी स्वतः पेढे न्यायचे, माझी ती रीतच होती. प्रल्हादनं फोनवर वृषालीला सांगितलं, तेव्हा ती पहिल्यांदा रडली म्हणे, मोठ्यानं, लेकराला कडेवर घेऊन. त्यानं मिल आसेगावच्या एका ओळखीच्या माणसाला चालवायला दिली. भाऊ-वहिनींची देखभाल, दवाखाना, सगळी सोय लावली. यात त्यानं कुठे कमी केली नाही, हे मी शपथेवर सांगेन. एवढं सगळं ठरवताना तो प्रत्येक गोष्ट भाऊंना विचारत होता. उत्तर येत नव्हतं.

निघाल्या दिवशी दुपारी त्याचा मला फोन आला. नागपूरच्या विमानतळावरून. मला वाटलं, कागद विसरला. म्हटलं, "काय राह्यलं?"

"काई नाई राह्यलं, ताई. सारं घेतलं."

मागे माणसांचा गलबला ऐकू येत होता.

"काय झालं रे?"

"निघतानी भाऊच्या पाया पडलो," तो म्हणाला. "म्हनलं, भाऊ, जाऊ काय? मान हलवतीन म्हनून उभाच राह्यलो. गाडी दारात. शोभा म्हने, चला, उशीर होते. मी हललो नाई. मंग भाऊ बोलले, ताई."

"बोलले?"

"लकवा झाल्यापासून येवढं कधी बोलले नोते. जोर लावून लावून बोलले. सारं चोख समजलं मले. म्हनले, मले काय इचारता मालक, तुमी जा."

मी खुर्चीत बसले. जेवलास का, असं विचारलं. तो हो म्हणाला. वृषाली घ्यायला येणार आहे का, असं विचारलं. हो, लेकराला घेऊन येणार आहे, म्हणाला. मागे विमानाची घोषणा झाली, आणि मला वाटलं तो आता फोन ठेवेल.

"ताई," तो म्हणाला, "तठी गेल्यावर आता मी कोनाले इचारू?"